मुलांचे बसणे आणि मुलांचे हृदय

मूल अंगाने भरू लागले की घरातले सगळे एकदम जागे होतात. ते काय खाते, किती खाते, बाहेरचे किती खाते याची चौकशी सुरू होते, आजी आणि आई यांच्यात तुपाच्या चमच्यावरून बोलाचाली होते, आणि पंधरा दिवस सेव-उसळ बंद राहते. तेच मूल दिवसातून किती तास बसलेले असते, हे मात्र कोणी मोजत नाही. बडोद्यातील एका शाळेत मी अनेक वर्षे विज्ञान शिकवते. पाचवीत ज्यांचे हातपाय क्षणभर शांत राहत नाहीत, तीच मुले नववीपर्यंत बाकाला कशी चिकटून जातात, हे दर वर्षी पाहते. या बसण्याचा त्यांच्या हृदयाशी, रक्तवाहिन्यांशी आणि साखर पचवण्याच्या शक्तीशी काय संबंध आहे यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरेच संशोधन झाले आहे. पालकसभेच्या दहा मिनिटांत ते सांगून होत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम व्याख्या, कारण बहुतेक गैरसमज तिथेच सुरू होतात. जागेपणी बसून, रेलून किंवा पडून केलेली अशी कोणतीही गोष्ट, जिच्यात शरीराचा ऊर्जाखर्च विश्रांतीच्या वेळच्या खर्चाच्या दीडपटीच्या वर जात नाही, तिला संशोधक बैठे वर्तन म्हणतात. झोप यात धरली जात नाही. मोबाइल पाहणे यात येते, तसेच गणिताची उदाहरणे सोडवणे, चित्र काढणे, गाडीतून जाणे आणि पुस्तक वाचणेही येते. म्हणजे व्यायाम कमी असणे आणि बसणे जास्त असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. संध्याकाळी तासभर क्रिकेटच्या सरावाला जाणारा मुलगा उरलेला सारा दिवस बसलेला असू शकतो, आणि कोणताही खेळ न खेळणारी परंतु दिवसभर घरात-अंगणात वावरणारी मुलगी त्याच्यापेक्षा कितीतरी कमी बसलेली असू शकते.

सातवीच्या वर्गाला मी एकदा वेगळा गृहपाठ दिला. उठल्यापासून झोपेपर्यंत दर अर्ध्या तासाने आपण बसलो होतो, उभे होतो, चालत होतो की पळत होतो, एवढेच वहीत लिहायचे. एका मुलाचे पान मी जपून ठेवले आहे. सहाला उठला, साडेसहाला व्हॅनमध्ये बसला. सव्वासात ते पावणेएक शाळा. मधल्या सुट्टीत डबा बाकावरच उघडला, कारण मैदानावर मोठ्या वर्गांची कवायत चालू होती. पुन्हा व्हॅन. घरी टीव्हीसमोर जेवण, मग पलंगावर पडून मोबाइल. चार वाजता आईच्या स्कूटरवर मागे बसून शिकवणी, सव्वासहाला परत, आठपर्यंत गृहपाठ, जेवण, दहापर्यंत पुन्हा पडदा. सोळा तासांच्या जागेपणातले साडेतेरा तास तो बसलेला किंवा पडलेला होता. पळण्याची नोंद एकच होती: सकाळी व्हॅन चुकू नये म्हणून जिन्यावरून. हा मुलगा आळशी नाही. वर्गात काही आणायला सांगितले की सर्वांत आधी उठणारा तोच. त्याच्या दिवसातले जवळजवळ प्रत्येक बसणे मोठ्यांनी ठरवलेले आहे. व्हॅन वडिलांनी लावली, शिकवणी आईने शोधली, सात तासिकांचे वेळापत्रक आम्ही शिक्षकांनी आखले. त्याच्या स्वतःच्या हातात होते ते दुपारचे दोन आणि रात्रीचे दीड तास, आणि आपण रागावतो ते नेमके त्या तासांवरून.

बसलेल्या शरीरात काय घडते हे एकदा नीट समजून घेतले की या विषयातला उपदेशाचा भाग आपोआप कमी होतो. जेवणानंतर रक्तात उतरणारी साखर उचलण्याचे मोठे काम स्नायूंचे असते, आणि शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्यांचे व नितंबांचे, म्हणजे बसल्यावर जे निष्क्रिय होतात तेच. इन्सुलिनचा संदेश मिळाला की स्नायूपेशी आपल्या आत साठवलेली साखरवाहक प्रथिने पृष्ठभागावर आणतात आणि त्यांच्या वाटे साखर आत घेतात. स्नायू आकुंचन पावू लागला की हीच प्रथिने इन्सुलिनच्या संदेशाशिवायही पृष्ठभागावर येतात. म्हणून चालणाऱ्या-खेळणाऱ्या मुलाच्या स्वादुपिंडाला तेवढीच साखर हाताळण्यासाठी कमी इन्सुलिन सोडावे लागते. जेवून तासन्‌तास बसून राहणाऱ्या मुलात तो सारा भार इन्सुलिनवर पडतो. असे वर्षानुवर्षे होत राहिले, त्यात पोटाभोवती चरबी साठत गेली, की पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनाशा होतात. मधुमेहाकडे जाणारी वाट येथून सुरू होते.

रक्तातील चरबीचेही असेच. स्नायूंमधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचे विकर (एन्झाइम) असते, ते ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी फोडून स्नायूंना जाळायला देते. उंदरांच्या मागच्या पायांवर काही तास भार पडू दिला नाही, तेव्हा त्या पायांच्या स्नायूंतील या विकराचे काम झपाट्याने मंदावल्याचे प्रयोगांत आढळले. उंदीर म्हणजे मूल नव्हे हे खरेच; परंतु लहान मुलींवर झालेला एक प्रयोगही आहे. सात ते दहा वर्षांच्या मुलींना सलग तीन तास बसवल्यावर त्यांच्या पायातील धमनीची गरजेप्रमाणे रुंदावण्याची क्षमता कमी झाली, आणि दर तासाला थोडा व्यायाम करवला त्या दिवशी ती घट झाली नाही. धमनीचे हे रुंदावणे तिच्या आतल्या अस्तराच्या आरोग्याची खूण मानली जाते. हृदयविकाराची सुरुवात ज्या अस्तरातून होते, ते हेच.

मला सर्वांत बोलका वाटलेला प्रयोग २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सात ते अकरा वर्षांची, नेहमीच्या वजनाची २८ निरोगी मुले घेतली. एका दिवशी त्यांना तीन तास सलग बसवले. दुसऱ्या दिवशीही तीन तासच, परंतु दर अर्ध्या तासाने तीन मिनिटे मध्यम वेगाने चालवले. दोन्ही दिवशी ठरावीक साखर पाजून रक्त तपासले. मधून मधून चाललेल्या दिवशी रक्तातील इन्सुलिनचे एकूण प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी निघाले, साखरही थोडी कमी राहिली. नंतर जास्त वजनाच्या मुलांवर त्याच धर्तीचा प्रयोग झाला, आणि इन्सुलिन तिथेही घटले.

येथे थांबले तर लेख सोपा होईल, पण तो पूर्ण खरा होणार नाही. २०१३ साली कॅनडातील संशोधकांनी दहा ते चौदा वर्षांच्या १९ मुलांना आठ तास बसवले होते आणि वेगळ्या दिवशी त्याच मुलांना दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे हळूहळू चालवले होते. साखर, इन्सुलिन, चरबी यांत काहीच फरक पडला नाही. चालण्याचा जोर कमी होता म्हणून असेल, मुलांचे शरीर एका दिवसाचे बसणे सहज पेलते म्हणूनही असेल. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २०१२ साली अनेक देशांतील चौदा अभ्यासांची एकत्रित छाननी झाली. त्यात ४ ते १८ वयाच्या २०,८७१ मुलांच्या हालचाली यंत्राने मोजलेल्या होत्या. जी मुले रोज अधिक वेळ दम लागेल अशी हालचाल करत होती, त्यांचा कंबरेचा घेर, रक्तदाब, इन्सुलिन आणि चरबीचे प्रमाण चांगले होते, मग ती एरवी कितीही बसत असोत. ही जोरकस हालचाल हिशेबात धरल्यावर मात्र निव्वळ बसण्याच्या तासांचा या मोजमापांशी स्वतंत्र संबंध उरला नाही.

बसणे निर्दोष आहे, असा निष्कर्ष यातून काही जण काढतात. मला तो घाईचा वाटतो. एक तर कमरेला बांधलेले यंत्र स्थिर उभे राहणे आणि बसणे यांत फरक करू शकत नाही, त्यामुळे बसण्याचे आकडे थोडे पुसट असतात. दुसरे, दिवसाचे तास ठरलेले आहेत. साडेतेरा तास बसण्यात गेले तर दम लागेल असे खेळायला वेळ उरतोच कुठे? माझे मत असे झाले आहे की मुलाच्या दिवसातून बसणे वजा करत बसण्यापेक्षा त्यात पळणे घालण्यावर भर द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही जवळपास हेच सांगतात. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल करावी, आठवड्यातून निदान तीन दिवस त्यात चांगला दम लागणारे आणि हाडे-स्नायू बळकट करणारे प्रकार असावेत, आणि बसण्याचा वेळ, विशेषतः करमणुकीसाठी पडद्यासमोर जाणारा वेळ, मर्यादित ठेवावा. हालचालीला आकडा दिला आहे, बसण्याला दिलेला नाही. पुरावा जिथे भक्कम आहे तिथेच आकडा दिला, याबद्दल मला त्या समितीविषयी आदर वाटतो.

पाच वर्षांखालील मुलांबाबत २०१९ च्या सूचना अधिक कडक आहेत. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा नाहीच, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून अधिक नाही, आणि बाबागाडीत किंवा खुर्चीत एका वेळी तासाभराहून अधिक काळ बांधून ठेवायचे नाही. घास भरवताना हातात मोबाइल देण्याची रीत आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत आहे. ती सोडवणे कठीण असते हे मी जाणते, परंतु पोट भरल्याची जाणीव मूल ज्या वयात शिकते त्याच वयात आपण त्याचे लक्ष ताटावरून काढून घेतो, हे आयांनी आणि आज्यांनी ध्यानात घ्यावे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो. “आमचा तर काडीसारखा आहे, त्याला कसला धोका?” असे पालक फार सहज म्हणतात. भारतीय मुलांच्या बाबतीत हे वाक्य फसवे आहे, आणि ते फसवे आहे हे दाखवण्याचे मोठे काम पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केले. त्यांनी पुण्याच्या परिसरातील खेड्यांत जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपली बाळे सर्वच मापांत लहान होती, परंतु स्नायू जितके कमी होते तितकी चरबी कमी नव्हती. त्वचेखालची चरबी बऱ्याच प्रमाणात टिकून होती. वजनाने हलके आणि तरी चरबीने भारी, असे हे बाळ. पुढे त्यांनी आपले आणि इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के.

स्नायूंचा साठा जन्मापासूनच कमी असलेल्या मुलाला स्नायू वापरण्याची गरज इतरांपेक्षा अधिक असते. साखर उचलणारे कोठार आधीच लहान, आणि तेही दिवसाचे साडेतेरा तास बंद. २०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकार आणि युनिसेफ यांनी मिळून मुलांच्या पोषणाची जी देशव्यापी पाहणी केली, तिच्यात शाळकरी वयाच्या दर दहा मुलांमागे सुमारे एकाच्या रक्तातील साखर मधुमेहपूर्व पातळीवर होती, आणि किशोरवयीनांपैकी ५ टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला होता. वजन जास्त असलेले किशोर त्याच पाहणीत ५ टक्केच होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की काडीसारख्या मुलांविषयीची निश्चिंतता टिकत नाही.

आमच्याकडे आठवीत एक मुलगी होती, अभ्यासात उत्तम, अंगाने मध्यम. तिची आई एकदा मला म्हणाली, “बाई, हिची मान किती घासली तरी स्वच्छच होत नाही हो. डाळीचे पीठ झाले, लिंबू झाले. उन्हात तर कधी जातही नाही.” मी मान पाहिली. मागच्या बाजूला, केसांच्या खाली, त्वचा काळपट आणि थोडी जाड, मखमलीसारखी झाली होती. काखेतही तसेच असल्याचे आईने सांगितले. हा मळ नव्हता. रक्तात इन्सुलिन दीर्घकाळ वाढलेले राहिले की त्वचेच्या पेशी अशा वाढतात, आणि मानेवर, काखेत, कधी बोटांच्या पेरांवर हे दिसते. मी डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह धरला. साखर सीमारेषेवर निघाली, औषधाची गरज पडली नाही, पण दिवसाची आखणी बदलावी लागली. आपल्या शहरात अशा कितीतरी माना रोज दुधाच्या सायीने आणि पिठाने घासल्या जात असतील, आणि घासून घासून मुलींना आपल्या रंगाची लाज वाटू लागत असेल. आईवडिलांनी हे चिन्ह ओळखावे. घरच्या घरी करण्यासारखी आणखी एक तपासणी म्हणजे टेपने कंबर मोजणे. ती उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. वयाची तीन वर्षे पूर्ण झाल्यावर मुलाचा रक्तदाबही वर्षातून एकदा मोजून घ्यावा. लहान मापाचा पट्टा असलेला दवाखाना त्यासाठी निवडावा, कारण मोठ्यांचा पट्टा लहान दंडावर चुकीचा आकडा दाखवतो.

हृदयविकार म्हणजे पन्नाशीनंतरची गोष्ट, ही समजूत फार वर्षांपूर्वीच मोडीत निघाली आहे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात बोगालुसा या गावी १९७३ पासून मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. अपघातासारख्या कारणांनी दगावलेल्या मुलांच्या आणि तरुणांच्या हृदयधमन्या तपासल्या, तेव्हा २ ते १५ वयोगटातील जवळपास निम्म्यांच्या धमन्यांत चरबीच्या रेषा आढळल्या, आणि रक्तदाब, चरबी, वजन यांचा भार जितका अधिक तितक्या त्या रेषा अधिक होत्या. या रेषा या टप्प्यावर माघारी जाऊ शकतात, म्हणूनच बालपणाला इतके महत्त्व. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरात नव्वदच्या दशकात जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासातून असे दिसले, की अकराव्या वर्षी दिवसाला सुमारे ६ तास असलेले बसणे चोविसाव्या वर्षापर्यंत सुमारे ९ तासांवर जाते, आणि ज्यांचे बसणे अधिक वाढत गेले त्यांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचे वस्तुमानही अधिक वाढलेले होते, वजन आणि रक्तदाब हिशेबात धरल्यावरही. हे निरीक्षण आहे, कारण सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. तरी बसण्याची सवय वयाबरोबर आपोआप कमी होत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

झोपेविषयी थोडक्यात. रात्रीचा पडदा बसण्याचे तास वाढवतो आणि झोपेचे कमी करतो, आणि अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचा परिणाम मंदावतो तसेच भूक वाढते. पाच ते तेरा वर्षांच्या मुलाला नऊ ते अकरा तास झोप हवी. साडेसहाच्या व्हॅनसाठी सहाला उठणाऱ्या मुलाने नऊच्या आत झोपायला हवे, हे गणित कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे.

बडोद्यात राहून हे लिहिताना मनाला लागते, कारण मुलांच्या अंगमेहनतीचा विचार या शहराने फार लवकर केला होता. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि घराघरांतले मूल शाळेत आणून बसवले. त्याच काळात दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न प्रा. माणिकराव मुलांकडून कसरत करून घेत होते. हुतूतूचे नियम ठरवून ते छापण्याचे आणि त्या नियमांनी अखिल भारतीय स्पर्धा भरवण्याचे काम १९२३ साली बडोद्याच्याच हिंद विजय जिमखान्याने केले. आमच्या आजोबांच्या पिढीतील दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या मराठी घरांत मुलगा संध्याकाळी आखाड्यात नसेल तर तो आजारी आहे का असे विचारले जाई. आज पहाटे कमाटीबागेत फेरी मारली तर वाटा माणसांनी भरलेल्या असतात, आणि त्यातले बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, डॉक्टरांनी चालायला सांगितलेले असतात. त्याच वेळी त्यांची नातवंडे व्हॅनमध्ये दप्तर मांडीवर घेऊन बसलेली असतात. आजोबांनी नातवाला बरोबर न्यावे, हे निदान रविवारी व्हावे.

मुलींचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. २०१६ च्या आकडेवारीवर आधारित १४६ देशांच्या अभ्यासात ११ ते १७ वयातील ८१ टक्के मुले-मुली पुरेशी हालचाल करत नसल्याचे दिसले. मुलग्यांत ते प्रमाण ७८ टक्के, मुलींत ८५ टक्के. आमच्या मैदानावर हा फरक सातवीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर दिसू लागतो. पाळी सुरू होते, गणवेशाचा संकोच वाटतो, शाळेतले स्वच्छतागृह धड नसते, कोणीतरी “आता मोठी झालीस” म्हणते, आणि लंगडीत सगळ्यांना हरवणारी मुलगी कट्ट्यावर मैत्रिणींच्या पिशव्या सांभाळत बसते. याच मुली नवरात्रात नऊ रात्री न थकता गरबा खेळतात. टाळी, गिरकी, वाकणे, पुन्हा उसळी, तेही दोन-दोन तास. त्यांच्यात ताकद नाही किंवा आवड नाही असे म्हणायला जागाच नाही. नवरात्राबाहेरचे तीनशेहून अधिक दिवस त्यांना सुरक्षित, आडोशाची आणि कोणी टोमणे न मारणारी जागा मिळत नाही, इतकेच. आमच्या शाळेतील संगीताच्या बाईंनी शनिवारी प्रार्थनेनंतर सभागृहात वीस मिनिटे गरब्याचा ताल लावायला सुरुवात केली, तेव्हा कट्ट्यावरच्या जवळजवळ सगळ्या मुली आत आल्या. खेळ मुलींना आवडेल असा द्यावा. क्रिकेट न खेळणाऱ्या मुलीला हालचालच नको आहे, असे आपण परस्पर ठरवून टाकतो.

वर्गातही थोडे करता येते. जोडतासाच्या मध्यावर मी मुलांना उभे करते आणि नाडी मोजायला लावते. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे, घड्याळात तीस सेकंद, आकडा दुप्पट. मग मैदानाला एक जोरदार फेरी आणि पुन्हा मोजणी. पंच्याऐंशीवरून दीडशेवर गेलेला स्वतःचा आकडा वहीत लिहिताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. हृदय हा स्नायू आहे आणि तो काम केल्याने घडतो, हे त्यांना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा त्या दोन बोटांनी लवकर समजते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की मैदान बंद करावे लागते, तेव्हा जिना उपयोगी पडतो. घरांसाठीही असेच लहान बदल सुचवते: शिकवणी दीड किलोमीटरच्या आत असेल तर चालत किंवा सायकलने जाणे, जेवण झाल्यावर ताटे उचलून फडताळापर्यंत आवराआवर मुलांनीच करणे, गृहपाठाच्या दर अर्ध्या तासाला उठून गच्चीवर जाऊन येणे. शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावू नयेत. शरीर हलवणे आणि अपमान यांची गाठ एकदा बसली की ती सुटत नाही.

सर्वांत अवघड वर्ष दहावीचे. जानेवारी उजाडला की खेळाचा तास गणिताला जातो, संध्याकाळचा खेळ घरचे बंद करतात, आणि मूल दोन-अडीच महिने सलग बसते. या त्यागाने गुण वाढतात याचा मला आजवर पुरावा सापडलेला नाही. उलट नऊ-दहा वर्षांच्या मुलांवरील २००९ सालच्या एका छोट्या अभ्यासात वीस मिनिटे चालल्यानंतर त्यांची उत्तरे अधिक अचूक आल्याचे आणि लक्ष सुधारल्याचे दिसले होते. म्हणून यंदा मी आमच्या दहावीच्या पालकांकडे एकच मागणी केली आहे. परीक्षेच्या वेळापत्रकाचा तक्ता अभ्यासाच्या टेबलासमोर लावताना त्यात संध्याकाळी साडेसहा ते साडेसात हा तास आधी रंगवून ठेवावा आणि विषय त्यानंतर मांडावेत. पहिल्या सभेत बरेच जण गप्प होते, दोन वडिलांनी स्पष्ट नकार दिला. एका आईने मात्र तिथल्या तिथे विचारले, “मुलीला एकटीला कुठे पाठवू? मी बरोबर आले तर चालेल का?” चालेल. आईच्याही कंबरेला आणि साखरेला ते लागू आहे.